काचेवरचं चंदन

पान चौऱ्याऐंशीवर एका शब्दावर तांबड्या पेन्सिलीची रेघ होती. पेन्सिल इतकी रेटली होती की पुढच्या तीन पानांवर तिचा वळ उठला होता. तुळसीने त्या वळावरून बोट फिरवलं. प्रबंध सगळा इंग्रजीत, टाइपरायटरवर उतरवलेला, आणि त्यात तो एकच शब्द घरचा. चंदन. सहाणेवर उगाळलेलं चंदन. समासात पुण्याच्या परीक्षकांनी लिहिलं होतं, 'हे शास्त्र आहे, देऊळ नव्हे. आकृतीतले नऊ बिंदू काढून टाका आणि काचेवर ही घाण कुणी केली ते स्पष्ट लिहा.' घाण हा शब्द वाचला तेव्हा तिला परीक्षा आठवली नाही, पदवी आठवली नाही. वडिलांचं, अप्पांचं, कपाळ आठवलं. कीर्तन रंगलं की घामाबरोबर ओघळून नाकाच्या शेंड्यापर्यंत आलेलं गंध, आणि ते पुसायला हात मोकळा नाही म्हणून चिपळ्या वाजवता वाजवताच मान झटकणारे अप्पा. समोर बसलेल्यांच्या अंगावर ते शिंतोडे उडत. कुणी पुसून घेत नसे. म्हाताऱ्या बायका तर मुद्दाम पुढे सरकत.

सकाळी सातपासून ती प्रयोगशाळेत बसली होती. अकराला परीक्षक यायचे होते. खिडक्यांना काळे पडदे, आणि काळोखात टेबलावरून आरपार गेलेला लेसरचा तांबडा किरण, सुतासारखा. फक्त एका खिडकीचा पडदा वीतभर सरकवलेला, आणि तिथल्या कट्ट्यावर बोटभर लांबीची, जाड काचेची एक बंद नळी उभी होती. नळीत काही विशेष नाही. सोड्याच्या बाटलीत फसफसतो तोच वायू, पण हवेच्या सत्तरेक पट दाबाने कोंडलेला. खाली पाण्यासारखा द्रव, वर त्याचीच वाफ, मध्ये केसाएवढी रेषा. एकतीस अंशांच्या खाली ती रेषा ठाम असते. एकतीस झाले की आधी सगळं धुकटतं, तांदळाच्या धुवणासारखं, आणि मग ते धुकं जातं तेव्हा रेषाही गेलेली असते. उरतं ते द्रवही नव्हे, वाफही नव्हे. थंड मुलखातल्या लोकांना ही गंमत बघायला शेगडी लागते. कुंभकोणात चैत्रातले एकतीस अंश म्हणजे सकाळच्या दहाची हवा. सूर्यनारायण वर आला की कट्ट्यावर प्रयोग आपला आपण होतो, रोज होतो, फुकट होतो. मागची पाच वर्षं ती घड्याळाकडे न बघता नळीकडे बघून डबा उघडत आली होती.

पहिल्यांदा ती रेषा नाहीशी होताना पाहिली त्या दिवशी तिने घरी जाऊन अप्पांना सांगितलं होतं. अप्पा, म्हणजे मुकुंदराव, तंजावरच्या मराठी कीर्तनपरंपरेतले हरिदास. ओसरीवर पाय पसरून पानाला चुना लावत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "यात नवें काय गे? नरसिंह नव्हे काय हा? दिवस नव्हे रात्र नव्हे, आंत नव्हे बाहेर नव्हे, नर नव्हे जनावर नव्हे. उंबऱ्यावरला देव. तुझ्या नळीस उंबरा हाय म्हण." मग पान तोंडात टाकून, "किती अंशांवर म्हणालीस?" एकतीस. त्यांनी तो आकडा लक्षात ठेवला, आणि पुढच्या नरसिंहजयंतीला मरुदानल्लूरच्या भजनमठात, खांब फुटण्याच्या ऐन क्षणी लय एकदम उतरवून, चिपळ्या जवळजवळ थांबवून, मोठ्या डोळ्यांनी सगळ्या सभेवरून नजर फिरवत त्यांनी विचारलं होतं, "आतां किती अंश झाले असतील हो?" कुणाला काही कळलं नाही. मागे बायकांत बसलेली तुळसी एकटीच हसली आणि एकटीच रडली.

लय उतरते ते खरंच होतं. अप्पांना न सांगता येण्यासारखं जे तिने पुढे मोजलं ते हेच. त्या नळीत कण स्वस्थ नसतात. कुठे गर्दी होते, कुठे विरळ होतं, गर्दी जमते आणि मोडते. किरण त्यातून गेला की प्रत्येक गर्दी थोडा उजेड बाजूला उधळते. तो उधळलेला उजेड अंधारात पकडला तर तो लुकलुकत असतो. गर्दी जितक्या झपाट्याने मोडते तितकी लुकलुक जलद. आणि त्या एकतीस अंशांच्या जवळ जावं तशी ही जमण्या-मोडण्याची चाल मंदावत जाते, विलंबित होत जाते. लुकलुकीच्या लयीवरून पदार्थात ऊब किती वेगाने पसरते ते काढायचं, हाच तिचा प्रबंध. एवढंच तिला येत होतं. लय ऐकायची. ते तिच्या रक्तात होतं, त्यात तिचा काय मोठेपणा?

ज्या यंत्राने ती लय मोजायची ते तिचे मार्गदर्शक कृष्णमूर्ती सर यांनी परदेशातून येताना आणलेलं, जुनं, पंखा खरखरणारं. पण कट्ट्यावरच्यासारखीच दुसरी नळी एका अंशाच्या हजाराव्या हिश्श्याइतकी स्थिर उबेत धरून ठेवणारा पितळी ठोकळा मात्र इथलाच, नाचियार्कोविलच्या स्वामीनाथांनी ओतलेला. समया ओतणाऱ्या घरात जन्मलेला माणूस. ती नकाशा घेऊन टाउनबसने गेली तेव्हा त्याने कागद उलटा धरून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "वाती किती?"

"एक."

"तेल कुठून घालायचं?"

"तेल लागत नाही. उजेड पलीकडून येतो, ह्या भोकातून आत जातो, त्या भोकातून बाहेर."

"म्हणजे दिवा बाहेर आणि समई त्याच्याभोवती." त्याने मान हलवली. "शहाण्या माणसांचं काम दिसतंय. महिनाभर लागेल."

कावेरीच्या गाळात साचा केला, आणि ओतून झाल्यावर सवयीने ठोकळ्याच्या माथ्यावर हंसाची चोच काढायला निघाला होता. तिने हात जोडून थांबवलं. चोच राहिली नाही, पण कडेला एक पाकळी राहून गेलीच. ठोकळ्याच्या पुढच्या आणि मागच्या अंगाला दोन गोल काचा बसवल्या तेव्हा तो समोरून कुणाच्या तरी चेहऱ्यासारखा दिसायला लागला. आता ह्याला जबाबदार कोण? चेहरा दिसला की हात कपाळाकडे जातोच.

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात अप्पा गेले. वर्षाच्या आत घरात सण करायचा नसतो. आईने, वेंकटलक्ष्मीबाईंनी, नवरात्रात बाहुल्या मांडल्या नाहीत, दारात रांगोळी घातली नाही, आणि आयुधपूजेच्या आदल्या संध्याकाळी सांगून ठेवलं, "औंदा कांही नाही. चिपळ्या पेटींतच असूं देत." हे तुळसीला कळत होतं. पण आयुधपूजेला अप्पांच्या चिपळ्यांना गंध लागलं नाही असं तिच्या उभ्या आयुष्यात झालं नव्हतं. त्या दिवशी कुंभकोणात सगळ्यांच्या हत्यारांना गंध लागतं. दारासुरमच्या मागांना, बसच्या चाकांना, सायकलच्या पंपाला, न्हाव्याच्या वस्तऱ्याला, कचेरीतल्या टाइपरायटरला. ती पिशवीत अप्पांची छोटी सहाण आणि चंदनाचं खोड घालून कॉलेजात गेली. सुटीचा दिवस. तिथला अटेंडर, व्यंकटरमण, फुलं घेऊन आलेला. पन्नाशीचा, अकरा वर्षं हंगामी, खाकी शर्टाची कॉलर स्वतःच्या हाताने उलटून शिवलेली. त्याने फुलं ठेवली, कापूर लावला. आणि तुळसीने अनामिकेने गंध लावलं: यंत्राला, लेसरच्या नळकांड्याला, आणि मग, चेहऱ्याला लावावं तसं, ठोकळ्याच्या पुढच्या काचेवर, मधोमध. चिपळ्यांना नाही तर हिला. घरात नाही तर इथे. वर्षाच्या आत लावलं हे तिला माहीत होतं. तिने लावलं तरी.

दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने काच पुसली आणि कामाला लागली. पुढचे नऊ दिवस वीज एकदाही गेली नाही, एकदा तर ठोकळा सलग अडतीस तास एका आकड्यावर उभा राहिला, आयुष्यात मिळतील अशी नऊ मोजमापं मिळाली. बत्तीस अंशांपासून पस्तीसपर्यंत, जिथे उधळलेला उजेड अगदी क्षीण असतो आणि मोजताना जीव जातो. आकृतीवर मांडली तर ती नऊच्या नऊ, जिथे पडायला हवी त्याच्या निम्म्यावर. इकडेतिकडे कुठे पडली असती तर ती फेकून देऊन मोकळी झाली असती. पण सगळी नेमकी निम्म्यावर, एका ओळीत, शाळेच्या पोरींसारखी हात धरून. चूक अशी शिस्तीत वागत नाही.

दहाव्या दिवशी तिने काच स्पिरिटच्या बोळ्याने साफ करायला घेतली. बोळा काचेला टेकला आणि खोलीत अप्पा आले. इतकंच झालं. चंदनाचा वास स्पिरिटवर चढून एकदम सबंध काळोखात पसरला, आणि ती बोळा हातात धरून उभी राहिली, एकतीस वर्षांची बाई, आणि मग काळोखातच खाली बसून बापासाठी रडली, सहा महिने रडली नव्हती ते. काचेवर डोळ्यांना न दिसणारा चंदनाची साय उरली होती. रडणं संपल्यावर, नाक पुसता पुसता, तिला निम्म्याचं कारण कळलं.

तंबोरा. तंबोऱ्यामुळे कळलं. एरवी ती मोजायची तो उजेड गर्दीगर्दीतून आलेला, सगळाच हलणारा; हलणाऱ्याची तुलना हलणाऱ्याशी. दोन माणसं एकमेकांकडे पाठ करून धावली तर त्यांच्यातलं अंतर दुप्पट वेगाने वाढतं. हिशेबात ते दुप्पट गृहीत धरलेलंच असतं. पण चंदनाची ती साय जागची हलत नव्हती. तिच्यावरून उधळलेला उजेड स्थिर, आणि त्या क्षीण लुकलुकीपेक्षा कितीतरी ठसठशीत. एक उभा राहिला आणि एकच धावला. म्हणून वेग निम्मा. अप्पा म्हणायचे, तंबोरा कांही गात नाही गे, तो बसून असतो. तो बसून असतो म्हणून माझें गाणें किती हाललें तें कळतें. नऊ दिवस ती तंबोरा लावून ऐकत होती आणि तिला माहीतच नव्हतं. ती नऊ मोजमापं वाईट नव्हती. तिच्या सगळ्या कामात तीच सुरात होती.

हे तिने पान चौऱ्याऐंशीवर लिहिलं. आयुधपूजेला काचेवर चंदन होतं, त्याची साय राहिली, त्यामुळे असं असं झालं, तसं धरून वाचलं की नऊही बिंदू रेषेवर बसतात. सगळं लिहिलं, फक्त चंदन कुणी लावलं ते लिहिलं नाही. का नाही लिहिलं? प्रबंधाची एक प्रत कॉलेजात राहते, गाव लहान, आईच्या कानावर जाईल: बाप जाऊन सहा महिने नाहीत आणि मुलगी पूजा करते. तेवढी एक जागा तिने कोरी ठेवली. आणि कोरी जागा दिसली की कुणीतरी तिथे आपल्या सोयीचं भरतं.

काल संध्याकाळी कृष्णमूर्ती सरांनी नवीन टाइप केलेलं पान तिच्यापुढे ठेवलं. आकृतीत नऊ बिंदू नव्हते. खाली एक ओळ होती: 'हंगामी अटेंडरच्या निष्काळजीपणामुळे काच अस्वच्छ झाल्याने काही मोजमापं रद्द केली आहेत.' त्याखाली तिच्या सहीसाठी टिंबं.

"सर, हे खरं नाही."

"अम्मा, तू हुशार आहेस. आता जरा शहाणी हो. परीक्षकाने विचारलंय कुणी केलं. काहीतरी लिहायला नको?"

"मी केलं असं लिहा."

सर हसले. चांगला माणूस, पाच वर्षांत तिच्यावर आवाज चढवला नव्हता. "तू लिहिलंस की मद्रासपासून पुण्यापर्यंत हसतील. कुंभकोणातली बाई यंत्राला टिळे लावते म्हणून. पुढे तुला नोकरी कोण देणार? ह्याचं काय, एक ओळ आहे. त्याचं नावसुद्धा नाही घातलेलं."

"कॉलेजात हंगामी अटेंडर एकच आहे, सर."

सर खिडकीबाहेर बघायला लागले. व्यंकटरमणला कायम करायचा कागद ह्याच महिन्यात प्राचार्यांच्या टेबलावर होता, आणि प्राचार्यांना नाही म्हणायला एक कारण हवं होतं. हे दोघांनाही ठाऊक होतं.

आज सकाळी दार उघडायला व्यंकटरमणच आला. पडदे ओढले, स्टुलं पुसली, जायला निघाला आणि दारात थांबला. "अम्मा, सरांनी मला सांगितलं. माझंच नाव घाला."

"कां म्हणून? अण्णा, तुम्ही फुलं आणलीत. हात माझा होता."

"ते खरं. पण तुम्ही म्हणालात तर लोक हसतील. मी म्हटलं तर कोण हसतंय? आमच्याकडून ते एवढंच धरून चालतात." हे तो कडवटपणाने बोलला असता तर तिला सोसलं असतं. तो हवापाण्याबद्दल बोलावं तसा बोलला, आणि कॉफी आणू का म्हणून विचारलं.

तेव्हापासून तिच्या छातीत काहीतरी ताठ उभं होतं. भीती होती, नाही असं नाही. पण भीतीच्या मागे, खांबात असावं तसं, दुसरं काहीतरी होतं आणि ते आतून धडका देत होतं. काय म्हणून धरून चालतात? आणि मी? मीही धरूनच चालले की, कोरी जागा ठेवताना. अप्पा असते तर काय म्हणाले असते हे तिला विचारायची गरज नव्हती, कारण ते म्हणून झालेलं होतं, ती दहा वर्षांची असताना.

नाचियार्कोविलकडच्या एका मिरासदाराच्या घरी लग्नाच्या चौथ्या दिवशीचं कीर्तन. मांडव भरलेला, पुढे रेशमी अंगवस्त्रं, मागे शेतातली माणसं. मृदंगावर गोपालकृष्ण, अप्पांचा जुना सोबती, एका कानाने बहिरा. उत्तररंगात ऐन दिंडी गाताना ताल मोडला. असा मोडला की लहान पोरांनाही कळलं. पुढच्या रांगेतून हशा आला. मिरासदार स्वतः म्हणाला, "अहो, त्याचा दुसराही कान गेला वाटतं!" सगळा मांडव खदखदला. गोपालकृष्णांनी मृदंगावरचे हात उचलून मांडीवर ठेवले, खाली मान घातली. आणि अप्पांनी चिपळ्या थांबवल्या. मांडव गप्प होईपर्यंत उभे राहिले, तसेच, गंध नाकावर ओघळलेलं.

"ताल चुकला तो माझा," ते म्हणाले. मराठीत म्हणाले, मग सगळ्यांना कळावं म्हणून तमिळमध्ये म्हणाले. "पुढलें चरण मी विसरलों. तें लपवायास लय ओढली. गोपालकृष्ण जेथें होता तेथें बरोबर होता. क्षमा असावी." आणि मागच्या चरणापासून पुन्हा उचललं.

बिदागी देताना मिरासदार खाजगीत म्हणाला, "बुवा, कशाला सांगायचं? कोणाला कळलं होतं?" अप्पा म्हणाले, "ज्याचें नांव घेत होतों त्यास." त्या घरचं बोलावणं पुन्हा कधी आलं नाही. घरी आल्यावर आई मात्र चिडली होती. "तें असूं दे. पण इतक्या लोकांत सांगायाची काय गरज होती तुम्हांस? घरीं त्याची माफी मागायची." अप्पा पाय धूत होते. तांब्या खाली ठेवून, जणू ही गोष्ट त्यांनाही आत्ताच कळली असं वळून म्हणाले, "तेवढ्याच लोकांत चुकलों होतों कीं गे."

कट्ट्यावरच्या नळीतली रेषा जराशी जाड झाली होती. धुकं यायला सुरुवात. म्हणजे दहा वाजत आले. तुळसीने प्रबंधाचं जुनं पान काढलं, तांबड्या रेघेचं. पेन उघडलं. खोडलेल्या शब्दाच्या वर तो शब्द पुन्हा लिहिला, आणि जिथे जागा कोरी होती तिथे स्वतःच्या अक्षरात भरलं: हे चंदन मी, तुळसी मुकुंदराव हिने, माझ्या हाताने लावलं. वाचून पाहिलं. आई काय म्हणेल ते आई म्हणेल. नवीन पान घडी घालून तिने सहाणेखाली ठेवलं. आज पुन्हा बरोबर आणलेली ती सहाण टेबलावर डुगडुगत होती, तिला काहीतरी आधार लागतच होता.

परीक्षक आले ते घामाने निथळत, कोट हातावर, टाय सैल. कृष्णमूर्ती सर मागे. तिचं नाव ऐकून परीक्षकांनी भुवया उंचावल्या आणि मराठीत म्हणाले, "अरे वा! तुम्ही मराठी? इथे?"

"होय, आम्ही मराठीच. तीनशें वर्षें झालीं."

"काय गोड बोलता हो! एखाद्या ऐतिहासिक नाटकात बसल्यासारखं वाटतंय." ते सरांकडे वळून इंग्रजीत तेच सांगून हसले. सरही हसले, त्यातली गंमत न कळता. तुळसी हसली नाही. तासभर प्रश्न झाले. यंत्र, हिशेब, चुकीची मर्यादा, तापमान कसं धरलं. उत्तरं तिच्या तोंडून आपोआप येत होती आणि तिला त्यात रस नव्हता. शेवटी त्यांनी घड्याळ पाहिलं. "ठीक आहे. काम चांगलं आहे. ते चौऱ्याऐंशी नंबरचं नवीन पान सरांनी मला दाखवलंय, त्यावर सही करा आणि मोकळ्या व्हा."

"तें पान मी देणार नाही."

"म्हणजे?"

"त्यांत लिहिलेलें लटकें हाय. चंदन व्यंकटरमण अण्णांनी लावलें नव्हे. मी लावलें. आणि ती घाण नव्हे." तिचा आवाज कापत होता, तो कापतोय हे तिला ऐकू येत होतं, आणि कापू दे म्हणून ती बोलत राहिली. "ते नऊ बिंदू खरे हायेत. दाखवतें."

सर म्हणाले, "तुळसी, अम्मा, आत्ता नको." पण तिने स्टूल ओढलं होतं. ठोकळा सकाळपासून तेहतीस अंशांवर उभा होता. तिने यंत्र चालू केलं. हिरव्या पडद्यावर ठिपक्यांची कमान उतरत खाली आली आणि गर्दी मोडायला लागणाऱ्या वेळाचा आकडा स्थिरावला: एक पूर्णांक आठ. "हा असा. काच स्वच्छ." मग तिने पिशवीतून चंदनाचं खोड काढलं, बाटलीतलं ऊर्ध्वपातित पाणी सहाणेवर दोन थेंब टाकलं आणि उगाळायला लागली. काळोखात तो खरखर आवाज फार मोठा वाटला. दारात व्यंकटरमण उभा होता; त्याने बाहेर चपला काढल्या आणि हात जोडले. वास पसरला. तिने अनामिका बुडवली, काचेवर, किरणाच्या वाटेत, पुसट बोट फिरवलं. यंत्र पुन्हा चालू. कमान ह्या वेळी लांबत गेली, खाली यायलाच तयार नाही अशी, संथ, विलंबित. आकडा आला तीन पूर्णांक पाच. वेळ जवळजवळ दुप्पट, म्हणजे वेग निम्मा.

परीक्षकांनी खिशातून रुमाल काढला, बाटलीतलं स्पिरिट त्यावर ओतलं आणि काच स्वतः पुसली, दोनदा, उजेडात धरावी तशी मान वाकडी करून पाहिली. "पुन्हा." एक पूर्णांक आठ. त्यांनी चष्मा काढला, घातला. कपाळावरचा घाम त्यांच्या भुवईत उतरला होता.

"बरं," ते म्हणाले. "दिसतंय मला. मग असं करा, ते बिंदू दुप्पट करून रेषेवर बसवा आणि 'स्थिर उजेड मिसळला' एवढं लिहा. कशामुळे ते कशाला? चंदन कशाला हवं?"

"जेथें चूक झाली तेथेंच सांगायाचें. तेवढ्याच लोकांत."

"आणि मी हा प्रबंध नामंजूर केला तर?"

पाच वर्षं. नोकरी. आईचा चेहरा. खिडकीतली नळी पार पांढरी होऊन निवळली होती, रेषा कुठेच नव्हती, बाहेर बारा कधीच वाजून गेले होते. आणि तिला एकदम हलकं वाटलं. "करा," ती म्हणाली. "पण पानावर लिहून करा. माझें नांव मी घातलें हाय."

परीक्षक तिच्याकडे बघत राहिले. मग ठोकळ्याकडे, त्याच्या कडेला राहून गेलेल्या पितळी पाकळीकडे. माणूस शेवटी प्रयोग करणारा होता. एकदा पाहिलेलं त्याला पुरत नव्हतं. "पुन्हा एकदा लावा," ते म्हणाले.

तुळसीने सहाण उचलली आणि त्यांच्यापुढे धरली. "आतां तुम्ही लावा."

"मी?"

"माझा हात लबाड असेल कीं."

सरांनी डोळे मिटून घेतले. दारातून व्यंकटरमण हळूच म्हणाला, "करंगळीजवळच्या बोटाने, सामी. तर्जनीने लावत नाहीत." परीक्षकांना तमिळ कळलं नाही, पण त्याने वर केलेलं बोट कळलं. त्यांनी कोट स्टुलावर टाकला. अनामिका सहाणेवर टेकवली, आणि श्वास धरून काचेवर ओढली. वाकडं लागलं. पहिल्यांदा लावणाऱ्याचं लागतं तसं. पंखा खरखरला, ठिपके एकेक करून हिरव्या पडद्यावर जमले, कमान उतरायला लागली आणि उतरतच राहिली, सावकाश, कीर्तनाच्या शेवटी अप्पा टाळ धीमे करत आणायचे तशी. तीन पूर्णांक पाच.

तुळसीने पान चौऱ्याऐंशी त्यांच्यासमोर सरकवलं.

"कुणी लावलें तें स्पष्ट लिहा," ती म्हणाली, "तुम्हीच मागितलें होतें. माझ्या नांवाखालीं जागा हाय."

परीक्षकांनी खिशातून तांबडी पेन्सिल काढली. टोक पानावर टेकलं तेव्हा पेन्सिलीच्या लाकडावर चंदनाचं ओलं बोट उमटलेलं होतं.